किती सीसी पुरे?

डोंगरवाटा, पाणंदी आणि घाटातले कच्चे रस्ते डोळ्यांसमोर ठेवून नवी मोटारसायकल घ्यायची ठरली, की पहिला प्रश्न येतो तो ‘किती सीसीची?’ हा. पेठ वडगावसारख्या गावात तो आणखी अवघड होतो. गावाजवळून पुणे-बंगळूर महामार्ग धावतो. शिवारात उसाच्या ट्रॅक्टरांनी खोल चाकोऱ्या पाडलेल्या पाणंदी आहेत. पश्चिमेला जोतिबा, पन्हाळा आणि त्यापलीकडं मसाई पठार आहे. एकाच गाडीनं हे तिन्ही करावं अशी अपेक्षा असते आणि उत्तर मग हप्त्यात, हॉर्सपावरमध्ये किंवा ॲव्हरेजमध्ये शोधलं जातं. माझं म्हणणं असं, की हा प्रश्न मुळात धर्माचा आहे. आपल्या इच्छेला माप घालायचं का, घालायचं तर कधी आणि कशाच्या आधारानं, हे त्यात ठरत असतं. यंत्रशास्त्राचा आधार त्यासाठी लागतोच, पण यंत्रशास्त्र आपल्याला फक्त किती लागतं एवढंच सांगतं. जेवढं लागतं तेवढ्यावर थांबावं की नाही, हे त्याच्या कक्षेत येत नाही.

थांबण्याचा विचार ज्यांनी सर्वांत काटेकोरपणे केला त्या जैनांची परंपरा वडगावला परकी नाही. याच हातकणंगले तालुक्यात कुंभोजच्या डोंगरापाशी बाहुबली क्षेत्र आहे; १९६३ साली तिथं बाहुबलीची २८ फुटी मूर्ती उभी राहिली. भावाशी द्वंद्व जिंकूनही राज्य त्यालाच सोडून तपाला निघून गेलेला हा पुरुष संपूर्ण त्यागाचा आदर्श आहे. पण या पट्ट्यातले जैन बहुतांशी पिढ्यानपिढ्या शेती करणारे गृहस्थ आहेत आणि गृहस्थाकडून त्या धर्मानं संपूर्ण त्याग मागितलेला नाही. त्याच्याकडून परिमाण मागितलं आहे, म्हणजे स्वतः आधीच ठरवून घेतलेली मर्यादा. आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचार’ या जुन्या ग्रंथात हे फार बारकाईनं मांडलेलं आहे. परिग्रहाच्या मर्यादेचं व्रत तिथं इच्छेच्या मर्यादेचं व्रत म्हणूनही सांगितलं आहे. भोगोपभोगाची मर्यादा घालताना ज्या गोष्टींची यादी दिली आहे, तिच्यात जेवण, अंथरूण, स्नान, वस्त्र, दागिने यांच्या जोडीनं वाहनही आहे. मर्यादा जन्मभराची घ्यावी किंवा एका दिवसाची, पंधरवड्याची, महिन्याची, ऋतूची घ्यावी, अशी मोकळीकही आहे. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, ही मर्यादा निरुपयोगी वस्तूंपुरती नाही. उपयोगाच्या वस्तूंनाही ती घालायची आहे, कारण हेतू आसक्ती उतरवण्याचा आहे. हे समजायला जैन असावं लागत नाही. विचार करण्याची ही एक पद्धत आहे आणि मोटारसायकलीच्या प्रश्नाला ती आश्चर्य वाटावं इतकी नेमकी लागू पडते.

आधी डोंगराला काय लागतं ते पाहू. गाडी १६० किलोची आणि चालवणारा ७५ किलोचा धरला तर एकूण वजन २३५ किलो. दर पाच मीटरला एक मीटर वर नेणारा चढ धरू. घाटातल्या डांबरी रस्त्यांपेक्षा तो कितीतरी उभा आहे. दगडधोंड्यांच्या अशा वाटेवर ताशी १५ किलोमीटरचा वेग पुष्कळ झाला. एवढं वजन त्या वेगानं त्या चढावर नेण्यासाठी लागणारी शक्ती काढली, तर ती अडीच हॉर्सपावरच्या आसपास भरते. चिखलात रुतणारं चाक, साखळी आणि गिअरमध्ये वाया जाणारी शक्ती हे सगळं सढळ हातानं मिळवलं तरी हिशेब पाच हॉर्सपावरच्या आसपासच थांबतो. आता तीच गाडी महामार्गावर सपाटीला आणू. तिथं चढ नाही, पण वारा आहे. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि तो तोडायला लागणारी शक्ती घनानं. सरळ बसलेल्या माणसासाठी अंदाजे आकडे असे येतात: ताशी ८० ला सात हॉर्सपावर, १०० ला बारा, १२० ला वीस. म्हणजे मोठ्या इंजिनाची मागणी डोंगर करतच नाही, ती महामार्ग करतो. डोंगराच्या नावानं आपण जे विकत घेतो, त्याचा मोठा भाग शंभराच्या पुढच्या वेगावर खर्च होणार असतो. उंचीमुळं इंजिनाची ताकद घटते हे खरं, पण कोल्हापूर जिल्ह्यातला सह्याद्री समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटरचा. तिथं दहा टक्क्यांच्या आसपास घट होते, एवढंच.

बाजारातल्या गाड्यांकडं या नजरेनं पाहिलं की एक वेगळीच कथा दिसते. २०११ साली हिरोनं इम्पल्स आणली. १५० सीसी, तेरा हॉर्सपावर, वजन १३४ किलो. ती चालली नाही. २०१९ ला एक्सपल्स २०० आली, अठरा हॉर्सपावरची. २०२५ मध्ये एक्सपल्स २१०, चोवीसच्या वर हॉर्सपावर आणि १७० किलोच्या आसपास वजन. रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ मध्ये ४११ सीसी आणि साधारण साडेचोवीस हॉर्सपावर घेऊन आली, २०२३ अखेर ती ४५२ सीसी आणि ४० हॉर्सपावरची झाली, वजन १९६ किलो. या बारा-चौदा वर्षांत पन्हाळ्याचा चढ तेवढाच राहिला आहे. वाढलं ते आपलं समाधान होण्यासाठी लागणारं माप. आणि ते वाढताना वजन वाढलं, ही गोष्ट वाटेवर फार महत्त्वाची आहे. चिखलात गाडी आडवी होणारच. आडवी झालेली १९६ किलोची गाडी निसरड्या उतारावर एकट्यानं उभी करणं आणि १३९ किलोची कावासाकी केएलएक्स २३० उभी करणं, यांतल्या ५७ किलोंच्या फरकावर त्या दिवसाचा सगळा आनंद अवलंबून असतो. यामाहानं १९६८ साली डीटी-१ काढली आणि ट्रेल मोटारसायकल हा प्रकार जगभर रुजवला, ती २५० सीसीच्या आतली होती आणि वजनाला हलकी होती. वाटेवरची गाडी हलकी असावी, हे शहाणपण या प्रकाराच्या जन्मापासूनचं आहे.

इथं जाणकार एक आक्षेप घेतील आणि तो खरा आहे. वाटेवर हॉर्सपावर लागत नाही हे मान्य, पण टॉर्क लागतो. मोठं इंजिन कमी आरपीएमवर ओढ देतं, दगडावर चाक चढवताना बंद पडत नाही, क्लच जाळत नाही. जुन्या ४११ सीसीच्या हिमालयनला ३२ न्यूटन-मीटरचा टॉर्क चार-साडेचार हजार आरपीएमवरच मिळायचा. एक्सपल्स २०० ला साडेसतरासुद्धा नाही आणि तोही आरपीएम बराच वर चढल्यावर. मोठ्या इंजिनाच्या बाजूचा हा एकच युक्तिवाद असा आहे, जो खरोखर वाटेवर उभा राहून केलेला आहे. तरी त्याला उत्तर आहे. चाकापाशी पोचणारी ओढ इंजिन आणि गिअर यांच्या गुणाकारातून येते. मागचं स्प्रॉकेट मोठं घातलं की २०० सीसीची गाडीही पहिल्या गिअरमध्ये सावकाश, न गुदमरता चढते. बदल्यात वरचा वेग कमी होतो. म्हणजे निवड पुन्हा तिथंच येऊन थांबते: वरचा वेग सोडायची तयारी आहे का?

मर्यादेला खालची बाजूही असते, हे मात्र विसरून चालणार नाही. समंतभद्रांनी परिग्रह-परिमाणाचे जे दोष सांगितले, त्यांत अतिवाहन आणि अतिभारवहन हे दोन आहेत. टीकाकारांच्या अर्थानुसार, बैल सुखानं जेवढी मजल मारतील त्याहून जास्त त्यांना लोभापायी पळवणं हा पहिला, आणि पेलवेल त्याहून जास्त ओझं लादणं हा दुसरा. इंजिनाला जीव नसतो, त्याच्यावर दया करण्याचा प्रश्न नाही. पण ९५ किलोच्या माणसानं मागं बायकोला बसवून, दोन्ही बाजूंना बॅगा बांधून १५० सीसीच्या गाडीला घाटात ताणत राहायचं आणि त्याला साधेपणा म्हणायचं, ही फसवणूक आहे. तिथंही हाव आहेच. ती फक्त खर्च वाचवण्याच्या रूपात आलेली आहे. वडगावच्या सोमवारच्या जनावरांच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी दात उघडून आदत आहे, दुसा आहे की जुळलेला हे पाहतो. पण बाजारात पाऊल टाकण्याआधीच त्याला ठाऊक असतं, की बैल औताला हवा की गाडीला, आणि घरच्या दावणीतल्या बैलाशी त्याची जोडी जमायला हवी. बाजारातला सर्वांत दांडगा बैल त्याला नको असतो. ॲरिस्टॉटलनं मध्यममार्ग सांगताना मायलो या मल्लाचं उदाहरण दिलं आहे: त्याला पुरणारं अन्न नवशिक्याला फार होईल, म्हणून योग्य प्रमाण वस्तूत सापडत नाही, ते घेणाऱ्याच्या संदर्भात काढावं लागतं. सव्वापाच फूट उंचीच्या माणसाला ८२५ मिलिमीटर उंचीच्या सीटवरून दोन्ही पाय टेकत नसतील, तर चाळीस हॉर्सपावरचा त्याला उपयोग काय?

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. महामार्गावर ट्रकला ओलांडताना हाताशी राखीव ताकद हवी, ती नसली तर जीवावर बेततं. हे मी हलक्यानं घेत नाही. पण राखीव म्हणजे काय हे नीट पाहावं लागेल. ताशी ८० नं जाणारा माणूस सात हॉर्सपावर वापरतो. त्याच्याकडं अठरा असतील तर अकरा राखीव आहेत. ज्याच्याकडं चाळीस आहेत तो ८० नं जात राहिला, तर त्याच्याकडं तेहतीस राखीव आहेत, पण तो ८० नं जात राहत नाही. तो ११० नं जातो, मग १२० नं, आणि त्याची राखीव ताकद वेगाबरोबर घटत जाते. शिवाय अपघाताची भीषणता ठरवणारी ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढलेली असते. राखीव ठेव राखीव राहायची तर खर्चाची मर्यादा आधी ठरलेली असावी लागते. डाकार रॅली ही जगातली सर्वांत खडतर शर्यत. तिच्या आयोजकांनीही वेग आणि धोका आवरण्यासाठी २०११ पासून सगळ्या मोटारसायकलींना ४५० सीसीची मर्यादा घातली. हजारो किलोमीटरची वाळू आणि दगड जगातले निष्णात चालक त्या मर्यादेत पार करतात. आता कुणाची रोजची ये-जा खरोखरच महामार्गावर, लांबची, मागं माणूस घेऊन असेल, तर त्यानं ३५० ते ४५० सीसीची गाडी निःशंकपणे घ्यावी. ती गरज खरी आहे. मात्र वाटेवर तिचं वजन अंगावर येणार हे मान्य करून घ्यावी, आणि निर्णय महामार्गानं घेतला हे स्वतःपाशी कबूल करावं.

बहुतेकांच्या बाबतीत निर्णय घेतात ते शेजारची गाडी, रविवारी एकत्र निघणारा मित्रांचा कंपू आणि लडाखचं स्वप्न. समंतभद्रांच्या दोषांच्या यादीत अतिवाहनानंतर अतिसंग्रह येतो आणि त्यानंतर विस्मय: दुसऱ्याची प्राप्ती पाहून मनात उठणारी खळबळ. लोभाच्या आधी विस्मयाची नोंद घेणं हे मला माणसाच्या मनाचं फार खोल निरीक्षण वाटतं. हाव बऱ्याचदा आतून उगवत नाही, ती पाहून लागते. लडाखच्या काही खिंडी पाच हजार मीटरच्या वर आहेत, तिथं हवा विरळ होऊन इंजिनाची जवळजवळ निम्मी ताकद जाते हे खरं आहे. पण आयुष्यातल्या दहा-बारा दिवसांसाठी बाकीची सगळी वर्षं जड गाडी पाणंदीतून ढकलायची का, हा हिशेब त्या स्वप्नात कधी होत नाही. सरकारनंही एक रेष ओढली आहे: सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत १८ टक्के जीएसटी, त्यापुढं ४० टक्के. ही तिजोरीची रेष आहे. तिच्याकडं पाहून गाडी निवडणारा पैसे वाचवतो आणि त्यात गैर काही नाही, पण त्याची इच्छा कुणी मोजलेली नसते. करात सवलत मिळाली की तीच इच्छा पुन्हा वर सरकते.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो. ज्यांच्या वडिलांनी बजाज एम-८० ला दुधाच्या किटल्या अडकवून आयुष्य काढलं, त्या घरातल्या मुलाच्या हातात आत्ता कुठे चार पैसे आले आहेत. आणि नेमकं आत्ताच त्याला संयमाचा उपदेश करायचा? गरिबांना समाधान शिकवण्याचा धर्माचा इतिहास काही चांगला नाही. या आक्षेपाला मी उत्तर देतो ते त्याच ग्रंथाच्या आधारानं. तिथं व्रताची व्याख्या अशी आहे, की जे आपल्याला घेता येण्याजोगं आहे, त्यातून जाणीवपूर्वक, हेतू धरून मागं येणं म्हणजे व्रत. ज्याला परवडतच नव्हतं त्यानं मोठी गाडी घेतली नाही, यात व्रत कुठलं? एम-८० वाल्या पिढीवर परिस्थितीनं जे लादलं त्याला संयम म्हणणं हा त्यांच्या कष्टांचा अपमान ठरेल. निवड करण्याची ताकद आज त्यांच्या मुलाकडं आली आहे, आणि म्हणून ‘पुरे’ म्हणण्याचा अधिकारही त्या घरात पहिल्यांदा आला आहे. तो अधिकार त्याच्या वतीनं दुसऱ्या कुणी, मीसुद्धा, वापरायचा नाही. त्यानं ४५० सीसीची घेतली तर तो कमी धार्मिक ठरत नाही. माझी अपेक्षा एवढीच, की आकडा त्यानं स्वतः, शोरूमच्या पायरीवर पाय ठेवण्याआधी ठरवलेला असावा.

आणि शेवटचा आक्षेप परंपरेच्या आतूनच येतो. परिमाणाची एवढी चाड असेल, तर केवळ मौजेसाठी डोंगरात गाडी फिरवणं हेच मुळात चूक नाही का? श्रावकाच्या, म्हणजे जैन गृहस्थाच्या, गुणव्रतांत एक अनर्थदंडव्रत आहे, प्रयोजन नसताना केलेली हिंसा टाळण्याचं. विनाकारण जमीन उकरणं, झाडं-वनस्पती तोडणं हे त्यात स्पष्टपणे मोडतं. या आक्षेपातून पूर्णपणे सुटका नाही आणि ती करून घेण्याचा प्रयत्न मी करणार नाही. एवढंच म्हणता येईल, की गृहस्थाचं व्रत अणुव्रत, म्हणजे लहान व्रत, आहे. त्याला आनंद वर्ज्य नाही, अमर्याद आनंद वर्ज्य आहे. पण मग मर्यादा सीसीला घालून भागत नाही, ती जागेलाही घालावी लागते. दिग्व्रतात हेच सांगितलं आहे: नद्या, अरण्यं, डोंगर, प्रदेश अशा ठळक खुणांनी आपल्या हालचालीची सीमा आखावी, आणि ती ओलांडण्याचे दोष मोजताना वरची, खालची आणि तिरपी अशा तिन्ही दिशा धरल्या आहेत. जांभ्याच्या पठारावर माती जेमतेम काही सेंटिमीटरची असते आणि पावसाळ्यात फुलणाऱ्या वनस्पतींचं सगळं जीवन तेवढ्या थरात चालतं. चाकाची एक चाकोरी पडली की पाणी त्या वाटेनं वाहून जातं आणि आजूबाजूचा थर सुकतो. कासचं पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे, मसाई पठाराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला आहे. पण दर्जा नसलेल्या पठारांवरची मातीही तेवढीच पातळ आहे. तिथं २०० सीसीचं चाक ४५० च्या चाकाइतकंच नुकसान करतं, लहान इंजिन घेतल्यानं पठारावर जायचा परवाना मिळत नाही.

म्हणून वडगाव परिसरातल्या, बहुधा एकट्यानं आणि बहुधा दिवसभरासाठी निघणाऱ्या माणसाला माझं उत्तर २०० ते २५० सीसीचं एक सिलिंडर हे आहे. वजन जमेल तितकं १६० किलोंच्या आत असावं, गरज वाटली तर मागचं स्प्रॉकेट मोठं करावं. त्याच्याबरोबर कागदावर आणखी दोन ओळी लिहाव्यात: महामार्गावर आपण किती वेगाच्या पुढं जाणार नाही, आणि आपलं चाक कुठं वळणार नाही. पाणंद, जुनी बैलगाडीची वाट, वनखात्यानं खुला ठेवलेला रस्ता एवढं आत. पठारं, तळ्यांचे काठ, ओढ्यांची पात्रं बाहेर. हे सगळं जन्मभरासाठी ठरवण्याचं धाडस होत नसेल, तर एका ऋतूपुरतं ठरवायला परंपरेची पूर्ण मुभा आहे. जूनपासून दसऱ्यापर्यंत, माती ओली असेतोवर, ते पाळून पाहावं आणि पुढच्या ऋतूचा आकडा त्या अनुभवावरून नव्यानं लिहावा.